घरच्या पंधरा ॲम्पियरच्या प्लगवर इलेक्ट्रिक गाडी: चालतंय, पण आधी अर्थिंग बघा

निकाल आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्याला घाई आहे तो सुटेल. घरात एसीला किंवा गिझरला असतो तो तीन पिनचा मोठा प्लग, ज्याला सगळे पंधरा ॲम्पियर म्हणतात (आता त्यावर १६ छापलेलं असतं, तेच ते), त्यावर इलेक्ट्रिक गाडी आरामात चार्ज होते आणि तुमचं रोजचं रनिंग शहरातल्या शहरात चाळीस-पन्नास किलोमीटर असेल तर वॉलबॉक्सवर (भिंतीवर बसवायच्या वेगळ्या चार्जिंग बॉक्सवर) पैसे घालायची काहीएक गरज नाही. पाचात चार स्टार. एक कापलाय तो स्पीडसाठी नाही हां, तो कापलाय सॉकेट आणि अर्थिंगच्या भानगडीसाठी, कारण गाडी घेताना रेंज, सनरूफ, स्क्रीन सगळ्यावर तासभर बोलणं होतं आणि ज्या भिंतीतून रोज रात्री आठ तास करंट ओढायचा त्या भिंतीत काय आहे हे कोणी विचारत नाही.

गाडीचं नाव लिहीत नाही कारण हा रिव्ह्यू गाडीचा नाहीये, प्लगचा आहे. छोटी हॅचबॅक, २४ किलोवॅट-अवरची बॅटरी. राहतो पुण्यात सोसायटीत आणि गाव कोकणात, देवरुखच्या पुढे, त्यामुळे दोन्हीकडचा प्लग भरपूर वापरून झालाय आणि दोन्हीकडचे प्रॉब्लेम एकदम वेगळे निघाले.

आधी एक गोष्ट क्लिअर करू, कारण सोसायटीच्या ग्रुपवर यावर कायम वाद होतो. गाडीबरोबर जी केबल येते, मधे तो विटेएवढा डबा असलेली, तो खरा चार्जर नसतोच. खरा चार्जर गाडीच्या आत बसवलेला असतो, एसी करंटचा डीसी करून बॅटरीला देणारा, आणि केबलवरचा डबा फक्त राखणदार आहे. तो बघतो की अर्थ आहे का, व्होल्टेज ठीक आहे का, करंट कुठे लीक होतोय का, गन (केबलचं गाडीत घालायचं टोक) नीट बसलीये का, आणि सगळं पटलं की मगच आतला रिले, म्हणजे स्विच, जोडून गाडीला सांगतो की घे, एवढे ॲम्पियर ओढलेस तरी चालेल. म्हणून गाडीतला चार्जर ३.३ किलोवॅटचा असेल तर भिंतीवर ७.२ चा बॉक्स लावून फारसा वेळ वाचत नाही, गाडी घेणार तेवढंच घेणार. हे माहीत नसल्यामुळे लोकांनी वॉलबॉक्स लावून घेतलेत आणि आता म्हणतात फरकच पडत नाही. कसा पडेल?

आता स्पीड. प्लगवरून साधारण १३ ॲम्पियर ओढले जातात, २३० व्होल्ट धरले तर तीन किलोवॅट झाले, त्यातला दहा-पंधरा टक्के भाग गरम होण्यात आणि गाडीच्या स्वतःच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये जातो, बॅटरीत पडतात तासाला अडीच युनिट (एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-अवर). हे माझ्या मनाचं नाही, कंपन्यांचेच आकडे घेऊन भागाकार करून बघा. टियागो ईव्हीची २४ ची बॅटरी १० ते १०० टक्के ८.७ तासात म्हणतात, नेक्सॉनची ४०.५ ची बॅटरी १५ तासात, एमजी कॉमेटची १७.३ ची शून्यापासून ७ तासात. तिन्हीकडे उत्तर येतं तासाला अडीच युनिटच्या आसपास. म्हणजे गाडी कुठलीही असो, प्लग तेवढाच देतो. एका युनिटला शहरात सात किलोमीटर धरा (एसी लावून, ट्रॅफिकमध्ये, माझं तरी एवढंच येतं), तर प्लगला लावलेला प्रत्येक तास म्हणजे सतरा-अठरा किलोमीटर. रात्री अकराला लावली, सकाळी सातला काढली, सव्वाशे-दीडशे किलोमीटर खिशात. कोथरूड ते हिंजवडी जाऊन येऊन वर मुलीला क्लासला सोडलं तरी निम्मं संपत नाही. स्लो चार्जिंग स्लो चार्जिंग म्हणून लोक नाक मुरडतात पण झोपलेल्या माणसाला स्पीडचं काय करायचंय?

आता मुद्द्यावर येतो, सॉकेट.

गिझर दोन किलोवॅटचा असतो, वीस मिनिटं चालतो आणि थर्मोस्टॅट पडतो. एसी सुरुवातीला जोर लावतो मग कॉम्प्रेसर शांत होतो. इस्त्रीही थांबत थांबत चालते. घरातलं एकही उपकरण १३ ॲम्पियर सलग आठ तास ओढत नाही, आणि आपली वायरिंग, सॉकेट, स्विच सगळं या सवयीवर वर्षानुवर्षं निभावून गेलेलं असतं. गाडी ही पहिली वस्तू जी रात्रभर, न थांबता, फुल करंट ओढते. तेव्हा भिंतीतली प्रत्येक ढिली गोष्ट उघडी पडते.

आमच्या पार्किंगमध्ये बिल्डरने दिलेला एक पॉइंट होता, झाडूवाला प्रेशर वॉशर लावायचा त्याला. त्यावर गाडी लावून तासाभराने प्लगवर हात ठेवला तर हात ठेवून ठेवता येत नव्हता. वायरमनला बोलावलं, त्याने प्लेट उघडली, आणि तिथे जे दिसलं ते सगळ्यांनी बघण्यासारखं होतं. समोरून बघताना उजवीकडचं भोक, म्हणजे फेजचं, त्याची कड चहाच्या डागासारखी तपकिरी झालेली, आतली पितळेची पट्टी निळसर पडलेली, आणि मागे वायरचा स्क्रू बोटाने फिरत होता. बोटाने! वायर पण अडीच एमएमची आणि तिच्या टोकाचे निम्मे धागे स्क्रूच्या बाहेर. वायरमन म्हणाला, "साहेब, वॉशरला काय होतंय, तो पाच मिनिटं चालतो. तुमची गाडी हे रात्रीत वितळवणार."

याचं गणित सोपं आहे आणि एकदा केलं की माणूस आयुष्यभर स्क्रू तपासतो. जॉइंट ढिला असेल आणि तिथे फक्त ०.१ ओहम रेझिस्टन्स असेल, तर १३ चा वर्ग १६९, गुणिले ०.१, जवळपास १७ वॅट उष्णता. म्हणजे हलका सोल्डरिंग आयर्न प्लॅस्टिकच्या डबीत कोंबून रात्रभर चालू ठेवल्यासारखं. एमसीबीला यातलं काही कळत नाही कारण करंट तर १३ च आहे, जास्त नाहीच, तो पडणार कशाला. हे बऱ्याच जणांना पटत नाही, "एमसीबी आहे ना, मग काय" म्हणतात. एमसीबी जास्त करंटला पडतो, ढिल्या स्क्रूला नाही.

तर मी शेवटी काय केलं ते सांगतो. माझ्या स्वतःच्या फ्लॅटच्या मीटरपासून, मीटर रूममधूनच, वेगळी लाइन ओढली. चार एमएम कॉपर, तिन्ही वायरी, पीव्हीसी पाइपमधून. मीटर रूमला २० ॲम्पियरचा एमसीबी आणि ३० मिलीॲम्पियरची आरसीसीबी, म्हणजे करंट लीक झाला की लाइन तोडणारा स्विच. आरसीसीबी घेताना दुकानात 'टाइप ए' मागा, साधी 'एसी' टाइपवाली पुढे करतात कारण तीच जास्त खपते, पण गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्समधून येणारा लीकेज करंट तिला नीट ओळखता येत नाही. पार्किंगला झाकणवाला वेदरप्रूफ डबा आणि त्यात चांगल्या कंपनीचा १६ ॲम्पियरचा सॉकेट, भक्कम पितळेचा, जो प्लग घालताना थोडा जोर लावायला लावतो. हा जोर महत्त्वाचा. प्लग लोण्यासारखा आत गेला तर तो सॉकेट गाडीच्या कामाचा नाही. सगळं मिळून मजुरीसकट बारा हजाराच्या आत झालं, मीटर रूम आणि माझं पार्किंग फार लांब नव्हतं म्हणून. लांब असेल तर केबलचाच खर्च वाढतो, आणि अंतर फारच असेल तर चारऐवजी सहा एमएम टाका, व्होल्टेज ड्रॉप कमी होतो.

अजून एक छोटी गोष्ट जी कोणी सांगत नाही. केबलवरचा तो डबा जड असतो आणि तो प्लगपासून हातभर अंतरावरच असतो, म्हणजे सॉकेट कमरेच्या उंचीला असेल तर डबा हवेत लोंबकळतो आणि त्याचं सगळं वजन प्लगच्या पिनांवर येतं. महिनाभरात पिना खालच्या बाजूला झुकतात, वरचा कॉन्टॅक्ट सुटा होतो, आणि परत तेच गरम होणं सुरू. सॉकेटच्या बाजूला एक साधा हुक ठोका आणि डबा त्यावर टांगा. पन्नास रुपयांचं काम. मी तर म्हणतो वॉलबॉक्सचे जे काही फायदे आहेत त्यातला निम्मा फायदा हा हुकच देतो.

एक्स्टेंशन बोर्डाबद्दल विचारूच नका. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून वायर सोडून खाली गाडी लावलेले लोक मी बघितलेत, ती गुंडाळी अर्धी सोडलेली अर्धी रीळवरच, आणि रीळवर गुंडाळलेल्या वायरची उष्णता जाणार कुठे? नाही म्हणजे नाही.

सोसायटीचं प्रकरण थोडक्यात. केंद्र सरकारच्या ऊर्जा मंत्रालयाच्या गाइडलाइनमध्ये स्पष्ट आहे की घरी आपल्या आहे त्याच वीज कनेक्शनवर गाडी चार्ज करता येते, वेगळं कमर्शियल मीटर लागतं वगैरे जे सांगतात ते खोटं आहे. तरी एनओसी मागितली जाते आणि ती घ्यावी, भांडण कशाला. आमच्या सेक्रेटरींची भीती दोनच गोष्टींची होती, एक म्हणजे लाइट बिल कॉमन मीटरवर येणार आणि दुसरं आग. पहिल्याला उत्तर म्हणून स्वतःच्या मीटरवरून लाइन, दुसऱ्याला उत्तर म्हणून परवानाधारक इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरकडून टेस्ट रिपोर्ट. कागद दिल्यावर दोन मीटिंगमध्ये विषय संपला. त्यातली एक मीटिंग लिफ्टवर झाली, आमचा नंबरच आला नाही, ते सोडा. फक्त एक बघा, फ्लॅटचा सँक्शन्ड लोड (मंजूर भार) किती आहे ते बिलावर लिहिलेलं असतं. तीन किलोवॅट असेल आणि गाडीच तीन घेणार असेल तर लोड वाढवून घ्या, नाहीतर सकाळी गिझर, मिक्सर, गाडी एकत्र आले की मेन ट्रिप आणि बायकोचा आवाज.

आता कोकण, कारण खरी परीक्षा तिथे झाली.

पुण्याहून कराड, मलकापूर, आंबा घाट, साखरपा असा रस्ता. वाटेत एकदा डीसी चार्जिंग (बाहेरच्या फास्ट चार्जरवर) करावंच लागतं, घाट उतरताना ब्रेकिंगमधून बॅटरी थोडी भरते, मजा येते. घरी पोचल्यावर केबल काढली, ओटीवर फ्रिजच्या मागे पॉवर प्लग आहे त्यात लावली, आणि डब्यावर लाल लाइट. गाडी ढिम्म. प्लग काढून परत लावला, लाल. दुसऱ्या खोलीत, लाल. काका सुपारी कातरत बघत होते, म्हणाले, "अरे फ्रिज चालतो त्याच्यावर गेली वीस वर्षं, तुझीच गाडी कशी रुसते?"

फ्रिज चालतो कारण फ्रिजला अर्थ नसला तरी चालतो, त्याला कोणी विचारत नाही. गाडीच्या डब्याला अर्थ लागतो, आणि नसेल तर तो करंट सोडतच नाही. मल्टिमीटर लावला: फेज-न्यूट्रल २०८, ठीक. फेज-अर्थ १४० च्या आसपास. न्यूट्रल-अर्थ साठच्या वर. म्हणजे अर्थची वायर कुठेतरी आहे पण ती जमिनीला लागलेलीच नाही, हवेत तरंगतेय. चांगल्या ठिकाणी न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर काही दिसता कामा नये, पुण्यात माझ्याकडे दोन दिसतात.

गावातला वायरमन आला, भला माणूस, त्याने बघितलं आणि लगेच उपाय काढला. "दादा, न्यूट्रल-अर्थ लूप मारून देतो, हिरवा लाइट येतो की नाही बघा. सगळीकडे असंच करतो." आणि खरंच सगळीकडे असंच करतात, हेच तर भयंकर आहे. लूप म्हणजे सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थच्या स्क्रूला एक छोटी वायर जोडून टाकायची. डब्याला वाटतं अर्थ मिळाला, हिरवा होतो, गाडी चार्ज होते, सगळे खूश. पण आता समजा पोलवरची किंवा मीटरजवळची न्यूट्रल सुटली, आणि कोकणात वादळात झाड पडून वायर तुटणं ही काय दुर्मिळ गोष्ट नाही, तर फेजमधून आलेलं व्होल्टेज गाडीतून परत न्यूट्रलवर येतं, तिथून लूपमधून अर्थच्या पिनवर, आणि अर्थची पिन गाडीच्या पत्र्याला जोडलेली असते. मग दरवाज्याचं हँडल म्हणजे २३० व्होल्ट, आणि खाली ओल्या अंगणात अनवाणी उभा असलेला माणूस. कोणालाही समजावून सांगा, कितीही ओळखीचा वायरमन असू दे, लूप मारू देऊ नका. ऑनलाइन तर आता त्यासाठी तयार पिना मिळतात, 'अर्थिंग प्रॉब्लेम सोल्युशन' म्हणून. विकणाऱ्याला काय, तो तुमच्या अंगणात नसतो.

मग खरा अर्थ घेतला. इथे कोकणाची अडचण म्हणजे जांभा. वरून एक-दोन फूट माती आणि खाली सच्छिद्र दगड, पावसात पाणी पितो आणि दिवाळीनंतर कोरडा ठणठणीत, करंट जाणार कुठून. जुन्या अर्थिंगचा पाइप घराच्या पूर्वेला, कोरड्या गडग्याला लागून, तोही वर गंजलेला. नवीन अर्थिंग कुठे घ्यायचं यावर बरीच चर्चा झाली आणि जागा शेवटी काकूनेच सांगितली, न्हाणीच्या मागच्या माडाच्या आळ्याजवळ. न्हाणीचं पाणी बाराही महिने त्या माडाला जातं, जमीन मे महिन्यातही ओली असते. तिथे तीन मीटर खोल बोअर मारून कॉपर कोटिंगचा रॉड, भोवती बेंटोनाइटची (ओल धरून ठेवणाऱ्या मातीची) पावडर कालवून भरली, वर झाकणाचा छोटा चेंबर, आणि तिथून वेगळी हिरवी वायर थेट ओटीवरच्या नव्या सॉकेटपर्यंत. मीठ-कोळशाचं पारंपरिक अर्थिंगही चालतं, स्वस्त पडतं, पण मिठाने पाइप खातो आणि दर उन्हाळ्यात पाणी ओतायची आठवण ठेवावी लागते. टेस्टरवाल्याने मोजलं तर चार ओहमच्या आसपास आलं, पाचच्या आत हवं होतं, जमलं. डबा हिरवा. आणि जाता जाता फ्रिजच्या दरवाज्याला कधीकधी जो झिणझिण झटका यायचा तो पण बंद झाला, काकूसाठी तोच मोठा फायदा. गाडी वगैरे ठीक आहे.

गावाकडचा दुसरा त्रास व्होल्टेज. संध्याकाळी सात ते दहा सगळ्यांचे पंप, टीव्ही, पंखे, आणि आमच्याकडे १८५-१९० वर येतं. डबा कधी चालतो कधी थांबतो. साडेदहानंतर २१५-२२० होतं, मग रात्रभर निवांत. म्हणून ॲपमधून शेड्यूल लावून टाकलंय. लाइट गेली आणि परत आली तर माझी गाडी आपोआप पुढे चालू होते, तुमची होते का ते एकदा मेन बंद-चालू करून बघून ठेवा, सकाळी निघायच्या वेळी कळण्यापेक्षा बरं. इन्व्हर्टरच्या लाइनवर मात्र गाडीचा प्लग चुकूनही घेऊ नका, घरगुती इन्व्हर्टर तीन किलोवॅटने जागच्या जागी बसतो. सोसायटीच्या जनरेटरवर पण बऱ्याच डब्यांना लाल लाइट येतो, कारण जनरेटरची न्यूट्रल नीट अर्थ केलेली नसते. गाडी खराब नसते, घाबरू नका.

पावसाचं सगळे विचारतात. गाडीच्या तोंडाशी, म्हणजे गनजवळ, पाण्याचा काही त्रास नाही, ते त्यासाठीच बनवलेलं असतं, मी देवरुखच्या जुलैमध्ये लावलीये आणि ज्यांनी तो जुलै बघितलाय त्यांना सांगायला नको. कच्ची बाजू भिंतीची. प्लग आणि सॉकेट पागोळीखाली नको, आणि डबा जमिनीवर नको, अंगणात पाणी साचतं. उलट उन्हाचा त्रास जास्त: एप्रिलमध्ये डबा उन्हात राहिला तर तापून करंट कमी करतो किंवा थांबतो. विदर्भातल्या माझ्या एका मित्राने डब्यासाठी पत्र्याची छपरी केलीये, गाडी मात्र उन्हातच उभी. प्रायॉरिटी बघा.

आता बिल, आणि इथे बऱ्याच जणांचं गणित फसतं. "रुपयात किलोमीटर" वगैरे जे सांगतात ते महावितरणच्या खालच्या स्लॅबवर काढलेलं असतं. घरगुती स्लॅब १०० पर्यंत, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत, मग त्याच्या वर, आणि गाडीचे युनिट हे तुमच्या घरच्या युनिटच्या डोक्यावर बसतात, म्हणजे ते कायम सगळ्यात महाग स्लॅबमधेच मोजायचे. महिन्याला हजार-अकराशे किलोमीटर म्हणजे मीटरवर पावणेदोनशे युनिट धरा. घराचं आधीच दोनशे जात असेल तर पहिले शंभर युनिट ३०० च्या आत बसतात आणि उरलेले पुढच्या स्लॅबमध्ये, जिथे वहन आकार धरून युनिट पंधरा रुपयांच्या आसपास जातं. तरी महिन्याचा खर्च अडीच हजाराच्या आसपास, आणि तेवढ्याच रनिंगला पेट्रोल, शंभराच्या वर लिटर, पंधराचं ॲव्हरेज धरा, सात हजारच्या पुढे. फायदा आहेच, फक्त जेवढा सांगतात तेवढा नाही. बाहेरच्या डीसी चार्जरवर जीएसटी धरून वीस-पंचवीस रुपये युनिट पडतं, म्हणजे घरचा प्लग वरच्या स्लॅबमध्येही स्वस्तच.

घरी स्मार्ट मीटर लागला असेल तर सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच युनिटमागे सूट मिळते, म्हणजे जे घरून काम करतात त्यांनी रात्रीऐवजी दुपारी लावलेली बरी. रात्रीची वीज स्वस्त असते हे घरगुती ग्राहकाच्या बाबतीत आता उलटं झालंय. पार्किंगसाठी वेगळं ईव्ही मीटर घ्यायचा रस्ताही आहे, त्याला घरगुती स्लॅब लागत नाहीत, पण महिन्याचा स्थिर आकार वेगळा भरावा लागतो, तेव्हा रनिंग मोठं असेल तरच आकडेमोड करा. ज्यांची छपरावर सोलर पॅनल आहेत त्यांना मी काही सांगायची गरज नाही, ते आधीच हसतायत.

कोणाला प्लग पुरणार नाही? ज्यांचं रोजचं रनिंग दीडशेच्या वर आहे, टॅक्सीवाले, पुणे-मुंबई अपडाउन करणारे. एका घरात दोन इलेक्ट्रिक गाड्या असतील तरी ओढाताण होते. मोठ्या बॅटरीवाल्यांनी पण नीट विचार करा. महिंद्राच्या त्या नवीन एसयूव्हींमध्ये ७९ किलोवॅट-अवरचा पॅक येतो, प्लगवर तो रिकामा ते फुल करायला तीस तासांच्या वर लागणार. पण मला विचाराल तर मोठी बॅटरी रोज रिकामी करतंय कोण? रोज पन्नास किलोमीटर चालवून रात्री पन्नास किलोमीटरच भरायचे असतील तर बॅटरी ७९ ची असो की २४ ची, प्लगला तीन-चार तासच लागतात. शुक्रवारी रात्री लांबच्या प्रवासाआधी फुल हवी एवढीच अडचण, आणि ती गुरुवारी रात्री लावून सुटते. ७.२ चा बॉक्स हवाच असेल तर ३२ ॲम्पियर, सहा एमएम केबल, बहुतेकदा सँक्शन्ड लोड वाढवणं आणि थ्री-फेजची कटकट हे सगळं धरून चाला.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना तर हाच एक पर्याय आहे आणि तो चांगला आहे. घर बदललं की एमसीबीचा डबा आणि सॉकेट काढून घेऊन जा, हुक ठेवा मालकाला.

गरम होतंय का हे तपासायची माझी पद्धत: चार्जिंगला तासभर झाला की हाताच्या मागच्या बाजूने प्लगला स्पर्श. कोमट असेल तर ठीक. हात ठेवून दहा आकडे मोजता येत नसतील तर गाडी काढा, मेन बंद करा आणि प्लेट उघडून घ्या. डब्यावर किंवा ॲपमध्ये करंट कमी करायची सोय असेल तर दुरुस्तीनंतरही १० ॲम्पियरवर चालवा. करंट १३ वरून १० वर आणला की त्या जॉइंटवरची उष्णता चाळीस टक्क्यांनी कमी होते, चार्जिंगला मात्र तीसेक टक्केच वेळ जास्त लागतो. मी गावाला तर कायम १० वरच ठेवतो, ओटीपर्यंतची वायरिंग जुनी आहे आणि तिथे गेल्यावर घाई कोणाला असते.

कोणी घरगुती थ्री-फेज मीटरवर प्लग वापरत असेल तर गाडी कुठल्या फेजवर टाकलीत आणि बाकीचं घर कसं वाटलंत ते खाली लिहा, काकांकडे थ्री-फेज घ्यायचं चाललंय आणि वायरमन तोच आहे.